संशयित आम्ही, साक्षीदार आम्ही, तपास तेवढा त्यांचा?

गेल्या वर्षी एका मराठी नियतकालिकाला मी एक पुस्तक परीक्षण पाठवलं. पुस्तक बार्बरा नीली या आफ्रिकन-अमेरिकन लेखिकेचं, 'ब्लँच ऑन द लॅम'. रहस्यकथा आहे. लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी, साफसफाई करणारी एक काळी बाई खुनाचा छडा लावते. आठवड्याभरात संपादकांचा फोन आला. बोलणं अगदी आपुलकीचं. "तुमची भाषा छान आहे हो. पण रहस्यकथांवर लिहिणारे आमच्याकडे आहेत. तुम्ही तुमच्या आयुष्यावर लिहा ना. आई, वस्ती, शिक्षणासाठी काढलेले दिवस. ते आम्ही पुढच्याच अंकात घेऊ."

त्यानंतर महिनाभरातच इथे हैदराबादला, आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये, संघटनेतल्या एका दादाने माझ्या ताटाशेजारचं अगाथा ख्रिस्तीचं पुस्तक उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "समाजाची घरं जळतायत आणि आमच्या पीएचडीवाल्या ताई विलायती म्हाताऱ्यांच्या खुनाच्या गोष्टी वाचतायत!" सगळे हसले. मीही हसले. खोलीवर आल्यावर मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

संपादक सवर्ण, दादा आपला. एकाला माझं दुःख हवं होतं, दुसऱ्याला माझा त्याग. पण दोघांच्या बोलण्याचा अर्थ एकच निघतो: तुझ्यासारखीने मजेसाठी वाचू नये, आणि वाचलंच तर त्यावर मत देऊ नये. हा लेख त्या दोघांना उत्तर आहे. आणि तो तुमच्यासाठी आहे, घरातल्या पहिल्या पदवीधरांसाठी, जे उशीखाली रहस्यकथा ठेवतात आणि मुलाखतीत 'आवडतं पुस्तक कोणतं?' असं विचारलं की भलतंच वजनदार नाव सांगतात.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. इंग्रजीत ज्याला 'कोझी मिस्टरी' म्हणतात ती घरगुती, ऊबदार रहस्यकथा. खून होतो, पण पडद्याआड. रक्तपात फारसा दिसत नाही. जागा लहान असते: एखादं खेडं, वाडा, बेकरी, वाचनालय. माणसं एकमेकांना ओळखणारी. तपास करणारी व्यक्ती पोलीस नसते. पुष्कळदा ती एखादी बाई असते, जिला कोणी हिशेबात धरत नाही. शेवटी खुनी सापडतो आणि चहाचं आधण पुन्हा चढतं. या घराण्यातली आजी म्हणजे ख्रिस्तीची मिस मार्पल. १९२७ साली ती एका लघुकथेत पहिल्यांदा आली आणि १९३० साली 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' ही तिची पहिली कादंबरी निघाली. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) घ्या. त्यात वृद्धांच्या वसाहतीत राहणारे चौघे मिळून तपास करतात.

मिस मार्पल बिनलग्नाची म्हातारी. विणकाम करते, बाग करते. पोलीस अधिकारी तिला भोचक म्हातारी समजतात. तिच्याकडे ना पदवी, ना भिंग, ना पिस्तूल. ती एवढंच करते, समोरचा संशयित आपल्या गावातल्या कोणासारखा वागतो ते आठवते. आमच्या विभागात याला तुलनात्मक पद्धत म्हणतात आणि त्यावर आम्हाला फेलोशिप मिळते, तीही कित्येक महिने उशिरा.

मी नांदेडची. बाप नव्या मोंढ्यात हमाल. माय चार घरची धुणीभांडी करायची. बाप रद्दीवाल्याकडून किलोवर पुस्तकं आणायचा. त्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे निवड वजनावर व्हायची. त्या ढिगात बाबुराव अर्नाळकर आले, गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. निम्म्या पुस्तकांची शेवटची पानं गायब असायची. मग खुनी कोण ते आमचं आम्हालाच ठरवावं लागायचं. मी मायला गोष्ट सांगायचे आणि ती भाकरी थापता थापता म्हणायची, "त्या मुनिमानंच मारलं असंल. लई गोड बोलालाय." पुढे त्यातली काही पुस्तकं अख्खी हाती लागली तेव्हा कळलं की मायचा अंदाज बऱ्याचदा बरोबर होता.

त्यात नवल काहीच नव्हतं. कोणत्या घरात काय चाललंय ते तिला खरकट्या भांड्यांवरून कळायचं. कोण रात्री जेवलं नाही, कोणाकडे सुनेची चूल वेगळी झाली, कोणाच्या घरी पाहुण्यांसाठी उसनवारी झाली. इथे आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात फूटपाथवर मला मिस मार्पल पहिल्यांदा मिळाली, तेव्हा ती मला परकी वाटलीच नाही. रंग सोडला तर माझ्या घरचीच बाई होती.

आता दुसरी गोष्ट. मी आठवीत असताना माय कामाला जायची त्यातल्या एका घरातून सोन्याचं कानातलं हरवलं. मालकीणबाईंनी चोरीचा आरोप केला नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मावशी, आतल्या खोलीत तुम्हीच तेवढ्या आला होतात." मग मायची पिशवी उलटी केली. पदर झटकायला लावला. पोलिसांत जाऊ म्हणाल्या. माय घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी कानातलं उशीच्या अभ्र्यात सापडलं. माफी नाही, काही नाही. फक्त निरोप आला, उद्यापासून या. माय गेली. माझ्या शाळेची फी भरायची होती.

बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं, तुला काही अंदाज नव्हता का? ती म्हणाली, "व्हता की. पहिल्याच दिशी वाटलं व्हतं, अभ्र्यात असंल म्हणून. बाई आडव्या पडून फोनवर बोलायच्या." मग सांगितलं का नाहीस? "म्या सांगितलं असतं तर म्हणल्या असत्या, तूच ठिवलंस."

मित्रांनो, हे वाक्य मला कुठल्याही ज्ञानमीमांसेच्या पुस्तकात सापडलं नाही. तपास मायने केला होता. निष्कर्ष काढला होता. तो बरोबरही होता. पण निष्कर्ष उच्चारण्याचा अधिकार तिला नव्हता, कारण ती आधीपासूनच संशयित होती. रहस्यकथा मुळात तीन प्रश्नांवर उभी असते: संशय कोणावर जातो, कोणाला काय दिसतं, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून सत्य सांगण्याचा मान कोणाला मिळतो. हे हलकंफुलकं आहे? जात याच तीन प्रश्नांवर चालते.

एक मजेशीर दाखला देते. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन रहस्यकथाकाराने १९२८ साली रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी वीस नियम छापले. त्यातला अकरावा नियम सांगतो की घरातल्या नोकराला खुनी करू नका. वाटेल, किती न्यायी माणूस! पण कारण वाचा. नोकरावर तर कोणीही संशय घेईल, म्हणून तो उलगडा फार सोपा. शिवाय हलक्या माणसाने केलेला गुन्हा पुस्तकात जपून ठेवण्याच्या लायकीचा नसतो. खुनीसुद्धा प्रतिष्ठितच हवा! म्हणजे नोकर निर्दोष ठरला तोही तुच्छतेमुळे. ही तुच्छता आपल्या ओळखीची आहे. तरीही तो नियम पाळला तर संशयाची सुई नोकरावरून निघून मालकाच्या दिवाणखान्यात जाऊन थांबते. आमच्या मालकीणबाईंनी तेवढा एक नियम पाळला असता तर माझ्या मायचा पदर झटकला गेला नसता.

शेरलॉक होम्सची 'द स्पेकल्ड बँड' ही १८९२ ची कथा पाहा. जमीनदार डॉक्टरच्या आवारात भटक्या जिप्सींचा तळ पडलेला आहे आणि घरात एका मुलीचा गूढ मृत्यू झालेला आहे. होम्ससकट सगळ्यांचा संशय आधी त्या भटक्यांवर जातो. वाचकाचाही जातो. शेवटी दोष कोणाचा निघतो ते तुम्हीच वाचा, पण तळावरच्या माणसांचा नसतो. आता आपल्याकडच्या बातम्या आठवा. गावाबाहेर पाल पडलं, रात्री चोरी झाली, सकाळी पारधी वस्तीवर पोलिसांची गाडी. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशयाची ती जुनी सवय नव्या कागदावर चालू राहिली. होम्सच्या गोष्टीत निदान शेवटचं पान तरी येतं. आपल्याकडे पहिल्या पानावरचा संशय हाच निकाल असतो. मोंढ्यातल्या रद्दीसारखी इथेही शेवटची पानं फाटलेली.

आता संपादक महोदयांकडे वळते. गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक निबंध लिहिला. भारतीय समाजशास्त्रांत सिद्धान्त मांडण्याचं काम वरच्या जातींनी स्वतःकडे ठेवलं आणि अनुभव, आकडे, तपशील पुरवण्याचं काम खालच्यांकडे आलं, अशी त्यांची मांडणी होती. समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या प्रत्येकाने हा निबंध वाचलेला असतो. पण ही वाटणी विद्यापीठातच आहे असं समजू नका. ती मासिकाच्या कचेरीत आहे, दिवाळी अंकात आहे, साहित्य संमेलनाच्या परिसंवादात आहे. आपण साक्षीदार, ते गुप्तहेर. आपण पिंजऱ्यात उभं राहून काय झालं ते सांगायचं, रडायचं, जखम दाखवायची. त्याचा अर्थ काय ते मात्र दुसरं कोणीतरी समीक्षेत सांगणार.

आत्मकथनांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी मराठी साहित्याचा चेहरामोहरा बदलला. ती नसती तर मी हे लिहू शकले नसते. पण आत्मकथन लिहिणं हा आमचा अधिकार होता, त्याची त्यांनी सक्ती केली. कुलकर्ण्यांच्या मुलीने ख्रिस्तीवर लिहिलं तर ती व्यासंगी, आणि मी लिहिलं तर विषयांतर! तिला कोणी म्हणत नाही, 'बाई गं, तू तुझ्या आजोबांच्या वतनावर लिही.' खरं म्हणजे तिने एकदा लिहावंच.

आपल्या गुप्तहेरांचीही हजेरी घेऊ. बंगालीत १९३२ पासून ब्योमकेश बक्षी सत्य शोधतोय आणि नंतर सत्यजित राय यांचा फेलूदा. दोघेही मला आवडतात, लपवायचं काय. पण ब्योमकेशच्या घरात पुंटीराम चहा आणतो, फेलूदाच्या घरात श्रीनाथ. दार तेच उघडतात, येणाऱ्याजाणाऱ्याला पाहतात, पण अनुमान मात्र कधी काढत नाहीत. अनुमान भद्रलोकांच्या बैठकीत निघतं. मराठीत शिरवळकरांनी मंदार पटवर्धनबरोबरच दारा बुलंद आणि फिरोज इराणीही उभे केले, त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण आमच्या वस्तीतलं आडनाव लावणारा, आमच्या वस्तीत राहणारा गुप्तहेर मला त्या रद्दीच्या ढिगात एकदाही भेटला नाही.

आणि तरी आपली परंपरा नव्हती असं म्हणू नका. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही नावं ज्या घरांत पाठ होती त्यांतल्या कित्येक घरांत दुसरं पुस्तक नव्हतं. निदान आमच्या घरात तरी नव्हतं. माझ्या बीएच्या मराठीच्या पेपरात मात्र अर्नाळकरांचं नावसुद्धा नव्हतं. आणि आपले अण्णाभाऊ? ज्यांना शाळा जेमतेम दीड दिवस मिळाली, त्यांनी १९५९ साली 'फकिरा' दिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला आपण आज क्रांतिकारी कादंबरी म्हणतो, ते खरंच आहे. पण ती वाचताना रात्र कशी सरते ते आठवा. पाठलाग आहे, दरोडा आहे, दगाफटका आहे, श्वास रोखून धरायला लावणारा वेग आहे. ज्या मांग समाजाला गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला लावली, त्याच समाजातला नायक अण्णाभाऊंनी लोकप्रिय कादंबरीच्या साच्यात उभा केला. रंजक लिहिण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. समीक्षकांना तो वाटला, म्हणून त्यांनी बराच काळ अण्णाभाऊंकडे पाहिलंच नाही. लोकांना आवडणारं ते हलकं, ही कसोटी कोणाच्या सोयीची आहे ते यावरून ओळखा.

आता आपल्या दादाकडे. त्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही, कारण त्यात तथ्य आहे. कोझी रहस्यकथा खोटं बोलते. ती म्हणते, गाव मुळात चांगलं असतं. एक वाईट माणूस निघतो, त्याला बाजूला काढलं की गाव पुन्हा चांगलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाबद्दलच्या याच भाबड्या कल्पनेच्या चिंधड्या उडवल्या होत्या. संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं म्हणजे गाव, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या गावात व्यवस्था बिघडली म्हणून खून होत नाहीत. व्यवस्था राखण्यासाठी होतात.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला २०१४ साली एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारलं गेलं. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. बिहारमध्ये लक्ष्मणपूर बाथेला १ डिसेंबर १९९७ च्या रात्री ५८ माणसं मारली गेली. खालच्या न्यायालयाने २०१० साली २६ जणांना दोषी ठरवलं आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने त्या २६ जणांना सोडलं. माणसं मेली हे खरं, आणि कागदावर कोणीच मारलं नाही हेही खरं. मिस मार्पलच्या गावात खुनी कोण हे कोणालाच ठाऊक नसतं आणि शेवटी सगळ्यांना कळतं. आपल्या गावात बऱ्याचदा उलटं असतं. सुरुवातीला सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि शेवटी, न्यायालयात, कोणालाच काही ठाऊक नसतं.

मग हे असलं पुस्तक वाचायचं कशाला? दादा, नेमकं यासाठीच. हा फरक मला कसा दिसला? मिस मार्पल वाचल्यामुळेच. 'कोणी केलं' हा इंग्लंडमधल्या त्या कथेचा प्रश्न असेल तर 'ठाऊक असून कोणी बोलत का नाही' हा आपल्या रहस्यकथेचा प्रश्न असायला हवा. मराठीत ती कादंबरी मी तरी अजून वाचलेली नाही. साचा हातात घेतल्याशिवाय तो कुठे तोडायचा ते कळत नाही.

ख्रिस्तीची मी वकिली करत नाही. तिच्या १९३९ च्या एका कादंबरीचं मूळ शीर्षक इतकं वंशद्वेषी होतं की अमेरिकेत ते लगेचच बदललं गेलं, इंग्लंडमध्ये मात्र कित्येक दशकं तसंच चाललं. तिच्या मोलकरणी बहुतेक वेळा बावळट, भित्र्या, चहाड्या करणाऱ्या असतात. पण तिचीच 'अ पॉकेट फुल ऑफ राय' (१९५३) ही कादंबरी घ्या. श्रीमंत मालकाच्या खुनाचा तपास चाललेला असताना ग्लॅडिस नावाची अनाथ मोलकरीण मारली जाते. मारणारा तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून जातो. मिस मार्पल त्या घरात येते ती मालकासाठी नाही, तर ग्लॅडिससाठी. तिला कामाला लावायला शिकवलं होतं तिनेच. गरीब पोरीला मारलंच, वर तिची थट्टा केली, याचा तिला संताप येतो. हा संताप मला खरा वाटतो. आणि तरीही प्रश्न उरतो: ग्लॅडिसला स्वतःच्या तोंडाने काही सांगायला मिळालं असतं तर?

तो प्रश्न बार्बरा नीलीने १९९२ साली घेतला. तिची ब्लँच व्हाइट नॉर्थ कॅरोलायनातली घरकाम करणारी काळी बाई. चेक वटले नाहीत म्हणून तिला कैदेची शिक्षा होते. न्यायालयातून ती निसटते आणि एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे कामाला लागून लपते. तिथे खून होतो. पोलिसांत जायची सोय नाही, कारण गेली तर पहिली संशयित तीच. म्हणजे माझ्या मायचीच अडचण. फरक असा की इथे तपासही तीच करते आणि निष्कर्षही तीच काढते. नोकराला कोणी बघत नाही ही सवर्णांची, म्हणजे तिथल्या गोऱ्यांची, सवय ती हत्यार म्हणून वापरते. त्यांच्यासमोर बावळट दिसायचं आणि स्वयंपाकघरात शहाणं राहायचं, हे तंत्र ती जाणूनबुजून चालवते. या कादंबरीला पहिल्या कादंबरीसाठीचा अगाथा पुरस्कार मिळाला, ख्रिस्तीच्याच नावाचा. नीलीने पुढे आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. १९९४ च्या दुसऱ्या कादंबरीत तिने स्वतःच्याच समाजातल्या उजळ कातडीच्या, शिकल्यासवरल्या, सुट्टीला समुद्रकाठी जाणाऱ्या वर्गाची झाडाझडती घेतली. आपल्यातल्या बंगलेवाल्या साहेबांवर अशी रहस्यकथा कोणी लिहिली तर मी आगाऊ नोंदणी करीन.

सुट्टीत घरी गेल्यावर मी मायला ब्लँचची गोष्ट मराठीत सांगितली. तिने पहिला प्रश्न विचारला, "तिचे चेक का वटले नाहीत?" मी सांगितलं, ज्यांच्याकडे काम करायची ते पगार न देताच गावाला निघून गेले होते. माय हसायला लागली. म्हणाली, "मंग हे खरं पुस्तक हाय." कादंबरीतला खून तिला गोष्ट वाटला, बुडवलेला पगार हा पुरावा वाटला. याला म्हणतात समीक्षा.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं आहे की वाचा, आणि वाचून लिहा. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, प्रेमकथा, जे आवडतं ते. परीक्षण लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. सहाशे शब्द पुरतात, फोनवर टाइप करता येतात. शेवट फोडू नका, एवढं पथ्य पाळा. बाकी, रहस्यकथेचं परीक्षण करताना मी पाच गोष्टी तपासते. पहिला संशय कोणावर गेला आणि का? घरातलं काम कोण करतं आणि त्या माणसाला नाव, आडनाव, बोलणं मिळालं का? जमीन, वाडा, पैसा कोणाचा आणि तो आला कुठून? उलगडा करणाऱ्याला उलगडा करण्याचा अधिकार कोणी दिला? आणि शेवटी व्यवस्था पूर्ववत झाली तर ती कोणाच्या फायद्याची होती? या पाच प्रश्नांना उत्तर देताना तुम्हाला जडजंबाल परिभाषेची गरज पडणार नाही. ज्यांनी दुसऱ्याच्या घरात काम केलंय, किंवा ज्यांच्या आईने केलंय, त्यांना ही उत्तरं पानापानावर दिसतील. हे भांडवल आपल्याकडे आहे. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्यांकडे ते नाही.

आणि पुस्तक आवडलं तर आवडलं म्हणा. प्रत्येक पानावर जात शोधून पुस्तक फेकून देणं म्हणजे परीक्षण नव्हे. कथानक घट्ट आहे की नाही, सुगावे प्रामाणिकपणे पेरलेत की लेखकाने लबाडी केली, संवाद जिवंत आहेत का, हेही सांगा. कारागिरीवर बोलण्याचा हक्कही आपलाच आहे. किंबहुना तोच त्यांना जास्त खटकतो.

राहिली मजेची गोष्ट. माझा बाप पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन दिवसाला किती खेपा करायचा ते मी मोजलेलं आहे. रात्री तो म्हणायचा, "त्या धनंजयाचं फुडं काय झालं, वाच बरं." डोळे मिटून ऐकायचा. त्या अर्ध्या तासात तो कोणाचा हमाल नव्हता. त्या माणसाला जाऊन कोणी सांगावं की समाज जळत असताना तुला गोष्ट ऐकायचा हक्क नाही? चळवळीला थकवा येतो, हे आपण सगळे जाणतो. रात्री एक तास दुसऱ्याच्या खुनात डोकं घालून सकाळी मोर्चाला उभं राहता येतं. मी राहते. दादाने मला तिथेही पाहिलंय.

संपादकांना मी अजून आत्मकथन पाठवलेलं नाही. या लेखात माय आली, कानातलं आलं, बापाची पोती आली, पण ती साक्ष देण्यासाठी आलेली नाहीत. ती माझ्या निष्कर्षासाठी मी वापरलेले पुरावे आहेत, आणि निष्कर्ष मीच काढला आहे. ब्लँचचं परीक्षण आता मी इथेच पाठवणार आहे. तुमचंही पाठवा. आपल्या वस्तीतला पहिला गुप्तहेर कधीतरी कोणीतरी लिहीलच. तोवर निदान त्याची वाट पाहणारे वाचक आणि त्याला नीट तपासणारे परीक्षक तरी तयार असू देत.

जय भीम.